सिक्लिडच्या टाकीत थव्याने राहणारे मासे सोडताना

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची माशांची टाकी माझ्याकडे आली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. वाळू आणि दगड वजा जाता दोनशे लिटरच्या आसपास पाणी. आत आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड होते. पिवळे लॅब, नारिंगी रेड झेब्रा आणि एक काळपट, फिकट पट्ट्यांचा ऑराटस नर.

टाकी सुंदर होती, पण मासे दिसायचे नाहीत. दिवसभर सगळे दगडांच्या फटींत. बाहेर फिरायचा तो एकटा ऑराटस. कुणी डोकं काढलं की तो अंगावर जायचा. एका झेब्रा मादीची शेपटी फाटून अर्धी झाली. तिच्याकडे बघवत नसे. रात्री दिवा घालवायच्या आधी मी ती जिवंत आहे ना, एवढंच बघून घ्यायची.

दुकानात सांगितलं तर त्यांनी टायगर बार्ब दिले. म्हणाले, "हे पण भांडखोरच असतात, टिकतील." ते काही टिकले नाहीत. आठवडाभर वरच्या कोपऱ्यात दबून राहिले. मग त्यांचे पर झडायला लागले. दोन-तीन मेले. उरलेले भाच्याच्या साध्या टाकीत नेऊन सोडले, तिथे ते सुधारले.

आमच्या मागच्या इमारतीत एक काका आहेत. बरीच वर्षं मासे पाळतात. त्यांना घरी बोलावलं. त्यांनी आधी पाणी तपासलं. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं आणि मुलगा टाकीत तेच भरायचा. पीएच आठच्या पुढे, पाणी चांगलंच जड. मलावीच्या माशांना असंच पाणी लागतं. टायगर बार्ब मात्र सुमात्रा-बोर्निओकडचे, मऊ पाण्यातले. काका म्हणाले, "ताई, निम्मा त्रास त्यांना पाण्यानेच झाला असणार."

मग त्यांनी या माशांची रीत समजावली. मलावीत हे मासे किनाऱ्याच्या खडकांवर राहतात आणि खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. नर आपापली जागा राखतो. मोकळ्या पाण्यात दुसरे मासे निर्धास्त फिरताना दिसले की यांनाही धोका नाही असं वाटतं आणि ते बाहेर येतात. शिवाय नराचा राग एकाच माशावर न पडता विभागला जातो. थव्याचे मासे ठेवायचे ते यासाठी.

पण आधी ऑराटस काढायला लावला. एक अति दांडगा नर असेल तर कुठलाही थवा उपयोगाचा नाही, असं काकांचं म्हणणं. दुकानदाराने तो परत घेतला. त्याच दिवशी आम्ही सगळे दगड हलवून नव्याने रचले. त्यामुळे जुन्या हद्दी मोडतात आणि सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. झेब्रांमध्ये एका नरामागे तीन-चार माद्या ठेवल्या.

मग सोबती निवडायला बसलो. निऑन टेट्राचा प्रश्नच नव्हता. इवलासा मासा आणि मऊ पाण्याचा. काँगो टेट्रा आफ्रिकेचाच, पण त्यालाही मऊ पाणी हवं आणि त्याचे लांब पर झेब्रा कुरतडतात. मला डेनिसन बार्ब फार आवडला होता. तो केरळ-कर्नाटकातल्या ओढ्यांचा. पण त्याला थोडं गार पाणी मानवतं आणि निसर्गात तो धोक्यात आहे, म्हणून मन आवरलं. शेवटी दोन नावं उरली: बोसमनी रेनबो आणि जायंट डॅनिओ. रेनबो पश्चिम पापुआतल्या सरोवरांचा. जड पाण्यात मजेत राहतो, पण महाग, आणि लहान असताना त्याला रंग नसतो.

जायंट डॅनिओचा एक प्रकार आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्येच सापडतो. दहा सेंटीमीटरपर्यंत वाढतो, अतिशय चपळ, वाहत्या पाण्याची सवय असलेला. मोठा फिल्टर जोरात चालू असला तरी त्याचं काही बिघडत नाही. जड पाणीही चालतं. आम्ही दहा डॅनिओ घेतले, अडीच-तीन इंचांचे. चार-पाच घेतले तर ते थव्याने राहत नाहीत आणि एकमेकांनाच टोचतात.

ते आधी वेगळ्या टाकीत ठेवले, रोग नाही याची खात्री केली आणि टाकीतलं जड पाणी थोडं थोडं मिसळत गेलो. मग एका संध्याकाळी सिक्लिडना खायला घालून, दिवा बंद करून सोडले.

झेब्रा नराने पाठलाग केला, पण डॅनिओ हाती लागत नव्हते. दोन-तीन दिवसांत त्याने नाद सोडला. पुढच्या काही आठवड्यांत पिवळे लॅब मधोमध फिरू लागले. फाटक्या शेपटीची मादी बाहेर येऊन खाऊ लागली, तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. तिची शेपटी हळूहळू भरून आली.

अडचणी आल्याच. झाकणाला फिल्टरच्या नळीसाठी खाच होती. एका सकाळी तिथून उडालेला डॅनिओ जमिनीवर मिळाला. दिवसभर चुटपुट लागली. आता खाचेवर डासांची जाळी चिकटवली आहे. दुसरी अडचण खाण्याची. डॅनिओ वरच्या वर सगळं पळवतात. त्यांना ब्लडवर्म आवडतात, पण शेवाळ खाणाऱ्या सिक्लिडचं पोट अशा खाण्याने फुगतं आणि तो आजार जीवघेणा असतो. म्हणून सगळ्यांना स्पिरुलिनाचंच खाणं. एका टोकाला तरंगणारे दाणे टाकते आणि डॅनिओ तिकडे धावले की दुसऱ्या टोकाला बुडणारे. तिसरी गोष्ट पिल्लांची. झेब्रा मादी तीनेक आठवडे अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते. बाहेर सोडलेली बरीच पिल्लं डॅनिओ गिळतात. फटींत लपतात ती वाचतात. पिल्लं हवी असतील तर मादी वेगळी ठेवावी लागते.

मासे वाढले म्हणजे घाणही वाढते. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते, क्लोरीन काढूनच.

कुणी विचारलं तर मी हेच सांगते. रंग शेवटी बघा. आधी पाणी जुळतं का, मग आकार आणि चपळाई, मग खाणं. टाकी चार फुटांपेक्षा लहान असेल तर थव्याचा विचार सोडून द्या. आणि मासे आणण्याआधी आपल्या नळाचं पाणी तपासून घ्या. टेस्ट किटचे पैसे एका मेलेल्या थव्यापेक्षा कमीच पडतात.