उभ्या झाडाचे मोल

मराठवाड्यात झाडे पाहायला चला, असे कोणी म्हटले तर वाचक हसतील. तरीही एकदा हिंगोलीहून औंढ्यावरून वसमतकडे जरूर जावे. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. औंढ्याचा नागनाथ आणि नरसीचे नामदेव हे त्याचे जुने वैभव. वसमतच्या हळदीला २०२४ साली मिळालेले भौगोलिक मानांकन हे नवे.

हळदीला थोडी सावली मानवते. म्हणून तिच्या कडेने एरंड लावण्याची जुनी रीत आहे. पण बांधावरच्या बाभळी-कडुनिंबाकडे शेतकरी जरा संशयानेच पाहतो. सावलीखालचे सोयाबीन खुरटते, आणि झाडाचा पैसा होतो तो तोडल्यावरच. मग त्याचे आढे होते, औत होते, नाहीतर हळद शिजवायचे सरपण!

आता मात्र उभ्या झाडालाही भाव येऊ घातला आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कर्ब असतो, आणि तो झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. शोषलेल्या एक टन कर्बवायूमागे एक ‘कार्बन क्रेडिट’ मिळते. धूर सोडणारे दूरदेशीचे कारखानदार ते विकत घेतात. क्योटोच्या १९९७ च्या करारापासून हा व्यवहार वाढला. भारताने २०१४ साली कृषिवानिकीचे राष्ट्रीय धोरण आखले. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतकऱ्यांसाठी या बाजाराची चौकटही जाहीर केली.

ऐकायला गोड, पण खोच पुढेच आहे. पैसा मिळतो तो या योजनेमुळे नव्याने लावलेल्या झाडांचा. आजोबांनी लावलेल्या आंब्याला या हिशेबात कवडीही नाही! शिवाय रोप वाढायचे, बुंध्याचे घेर मोजायचे, तपासणी व्हायची, मगच पैसा. झाडे तर वर्षानुवर्षे राखायची. मधेच दुष्काळ पडला, मुलीचे लग्न निघाले, तर कुऱ्हाड आवरायची कशी? एकट्याच्या बांधावर क्रेडिटे निघतात थोडी; म्हणून हजारो शेतकऱ्यांची मोट मध्यस्थ बांधतो, आणि आपला वाटा घेतो. तेव्हा वाटा किती, मुदत किती, झाड वाळले तर जबाबदारी कोणाची, हे शेतकऱ्याने स्वच्छ मराठीत लिहून घ्यावे आणि मगच सही करावी.

झाडे मात्र लावावीतच. आंबा, साग, बांबू असे लावावे, की क्रेडिटचा बाजार बसला तरी घरात फळ आणि लाकूड येईल. परक्याच्या धुराचा पैसा आला तर तो वरकड. बांध मात्र आपलाच आहे.