आतून लागलेली कडी

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी घरी आली ती 'असुर' पाहूनच. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी मिळून मोबाईलवर दोन्ही पर्वे संपवली होती. आल्या आल्या तिचा प्रश्न, "बाबा, आता तसलीच दुसरी कोणती पाहू? डोकं भणाणून टाकणारी?" मी कारकून माणूस. दिवसभर कार्यालयात फायली आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज-दाखले. पण जेवणे झाल्यावर अशा मालिका पाहण्याचा नाद मलाही आहे, हे आधीच कबूल करतो. बापलेकीने मिळून यादी करायचे ठरले.

त्याच दिवसांत माझी मोठी बहीण आमच्याकडे राहायला आली होती. तिला स्किझोफ्रेनियाचा आजार आहे आणि तीस वर्षांपासून गोळ्या चालू आहेत. गोळ्या घेते तोवर ती चारचौघांसारखी असते. भाकरी थापते, धान्य निवडते, शेजारणींशी गप्पा मारते. कधीकधी रात्री झोप लागली नाही की एकटीच पुटपुटते, एवढेच. माझ्या मुलीला लहानपणी तिनेच न्हाऊमाखू घातले.

तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर मुलीच्या खोलीची कडी आतून लागलेली होती. आमच्या घरात कोणी कडी लावून झोपत नाही. सकाळी विचारले तर आधी बोलेना. मग खाली मान घालून म्हणाली, "आत्या रात्री एकटीच बोलते. मले भेव वाटते. त्या सिरियलीत असंच दाखवतात ना..." पुढे ती बोलली नाही आणि मीही बोललो नाही. पण ते वाक्य दिवसभर कार्यालयात माझ्या डोक्यात राहिले.

रविवारी वही घेऊन बसलो. बी.कॉम. झालेल्या माणसाची खोड, रकाने आखल्याशिवाय विचार सुचत नाही. प्रत्येक मालिकेपुढे दोन रकाने केले. पहिला, यात भीती कुठून येते? दुसरा, यात जीव घेणारा कोण असतो? ज्यांनी या मालिका पाहिल्या नाहीत त्यांचा विरस होणार नाही, एवढेच येथे सांगतो.

पहिले नाव 'रात्रीस खेळ चाले'. २०१६ साली झी मराठीवर सुरू झाली आणि तिची तीन पर्वे झाली. हे नाव १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटातल्या गाण्यावरून आलेले. कोकणातला वाडा, नाईकांचे घराणे आणि अंधारात हलणाऱ्या सावल्या. माणसे चांगली रंगवली आहेत, अण्णा नाईक विसरता येत नाहीत. पण भूत आहे की नाही हे दिवसेंदिवस लोंबकळत ठेवायचे आणि त्यावर प्रेक्षक धरून ठेवायचा, ही युक्ती मला पटली नाही.

दुसरी 'समांतर', २०२० सालची, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची. एका तरुणाला कळते की आपल्या तळहातावरच्या रेषा दुसऱ्या एका माणसासारख्याच आहेत. त्याचे घडून गेलेले आयुष्य हेच आपले पुढचे आयुष्य. खिळवून ठेवते यात शंका नाही. पण मुलीला म्हटले, हातावरच्या रेषांवर आपल्या आजोबांनी विश्वास ठेवला असता, तर तू आज विज्ञान शाखेत नसतीस. गोष्ट म्हणून पाहा आणि तिथेच सोडून दे.

तिसरी तिची लाडकी 'असुर', हीसुद्धा २०२० ची. अर्शद वारसी आणि बरुण सोबती यांची कामे उत्तम. वाराणसीच्या एका पुरोहिताचा मुलगा वाईट नक्षत्रावर जन्मला म्हणून बापच त्याला असुर ठरवतो आणि छळतो. पत्रिका एका लेकराचे काय करू शकते, हे इतक्या धारदारपणे क्वचितच दाखवले असेल. ही तिची जमेची बाजू. पुढे मात्र तो खुनी इतका बुद्धिमान, इतका अजिंक्य होतो की पाहणारा त्याच्या प्रेमातच पडतो. ही खर्चाची बाजू.

चौथी 'पाताल लोक', तीही २०२० ची. दिल्लीच्या एका साध्या पोलीस निरीक्षकाकडे तपास येतो आणि पकडलेल्या आरोपींचा भूतकाळ उलगडत जातो. त्यातला एक पंजाबातला, जातीचा अपमान सोसून घर सोडलेला. आरोपी जन्मतः राक्षस नव्हते, हे ही मालिका दाखवते. मारहाण फार आहे, मन घट्ट करून पाहावी.

पाचवी 'देवमाणूस', पुन्हा २०२० सालची आणि झी मराठीचीच. खुनी कोण, हे पहिल्यापासून ठाऊक असते. तो गावाचा डॉक्टर. लोक त्याला देव मानतात, म्हणूनच कोणाला संशय येत नाही.

सहावी 'दहाड', २०२३ ची. माझ्या मते ही सर्वांत पुढची. राजस्थानातली दलित समाजातली पोलीस उपनिरीक्षक अंजली भाटी. ती जवळून गेली की ठाण्यातला एक जण उदबत्ती पेटवतो. एकामागून एक मुली नाहीशा होतात, पण हुंड्याला पैसे नसलेल्या घरांना मुलगी पळून गेली असे मानणेच सोयीचे वाटते. कोणी शोधत नाही, म्हणून खुन्याचे फावते. आणि तो कोण? हिंदी शिकवणारा, बायको-मुलाचा, वागायला गोड असा प्राध्यापक. शेवटी अंजली आपल्या आडनावाबद्दल जो निर्णय घेते, तो आपल्या प्रत्येक घरातल्या मुलीने पाहावा.

सातवी 'मानवत मर्डर्स', २०२४ साली सोनी लिव्हवर आली. दिग्दर्शक आशिष बेंडे. ही घडलेली गोष्ट आहे. लोणार, मंठा ओलांडून गेले की सेलू आणि मग मानवत लागते. म्हणजे आपल्या जिल्ह्यापासून फार लांब नाही. १९७२ ते ७४ या काळात तिथे गुप्तधनाच्या आणि मूल होण्याच्या हव्यासापायी मुलींचे आणि बायांचे एकामागून एक खून झाले. मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तपास केला, त्यांच्याच पुस्तकावर ही मालिका आहे. याच प्रकरणावर विजय तेंडुलकरांच्या लेखनातून अमोल पालेकरांनी १९८१ साली 'आक्रीत' हा चित्रपट केला होता. मालिकेत तपासाचा थरार आहे, तर 'आक्रीत'मध्ये माणसाच्या लोभाची थंड भीती आहे. मिळाल्यास दोन्ही पाहावेत. मानवतनंतर चाळीस वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला.

रकाने भरून झाल्यावर मी मुलीला जवळ बसवले आणि विचारले, "यात बिमार माणूस कुठं आहे, दाखव." डॉक्टर, प्राध्यापक, पैशाने मोठा माणूस, मांत्रिक. सगळे शहाणे, हिशेबी, गावात मान असलेले. 'असुर'मधल्या मुलालाही आजाराने नव्हे, बापाच्या अंधश्रद्धेने घडवले. ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली.

मग मी तिला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. ताईला आवाज ऐकू येऊ लागले, ती जेवेना, झोपेना. नातेवाईक म्हणाले, बाहेरचे आहे. एका बाबाकडे नेले. गावाचे नाव घेत नाही. तिथे तिला खांबाला बांधून ठेवले, धूर दिला, मारले. मी शेजारी बसून होतो. अंगारा आणायला माझ्याच हातात पैसे दिले होते आणि मी पळत जाऊन आणला. त्या दिवसांत ताईने कोणालाही बोट लावले नाही. मारणारे आम्ही होतो. पुढे एका शिक्षकाच्या आग्रहाने तिला सरकारी दवाखान्यात नेले, तेव्हा ती माणसात आली.

आपल्या सैलानीला होळीच्या यात्रेत दूरदूरच्या गावांतून मनाने आजारी माणसे आणली जातात. आणणाऱ्यांना हिणवू नये, ते हतबल असतात. पण तामिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले, हेही विसरू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने माणसाला साखळीने बांधायला मनाई केली आहे आणि उपचार हा त्याचा हक्क ठरवला आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, मराठीतही बोलता येते. मनाचे आजारी लोक दुसऱ्याला मारण्यापेक्षा स्वतःच मार खाण्याचा संभव जास्त, हे डॉक्टर सांगतात आणि मी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून यादीत शेवटी मी एक चित्रपट घातला, ज्यात एकही खून नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई'. अतुल कुलकर्णी स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषच्या भूमिकेत आणि सोनाली कुलकर्णी त्याच्या बहिणीच्या. मनाचा अंधार पाहायचाच असेल, तर तो आजारी माणसाच्या बाजूने कसा दिसतो हे येथे दिसते.

त्या रात्री आम्ही तिघांनी तो बसून पाहिला. ताई सगळा वेळ गप्प होती. संपल्यावर एवढेच म्हणाली, "याले औषध लवकर द्याले पायजे होतं." मुलगी उठली, ताईच्या गोळ्यांची पिशवी आणि तांब्या घेऊन आली. गोळी घेऊन झाल्यावर ताईने तिला विचारले, "ते पोलिसीणवाली कोणती म्हणत होता व तुहा बाप? उद्या ते लाव."