कमरेची कोयती

कोयता हा शब्द हल्ली आपल्या कानांवर पडतो तो बातम्यांतून. पुण्यात २०२२-२३ मध्ये 'कोयता गँग'च्या बातम्या इतक्या आल्या, की ठाण्याच्या आमच्या शेजारीणबाईंनी मला चक्क विचारलं, "अहो, तुम्ही म्हणे गावी कमरेला कोयता लावून हिंडता?" हिंडते खरी! तुम्हीही दचकला असाल, म्हणून सगळं सांगूनच टाकते.

आपली विळी असते ना, तिचं पातं जागचं हलत नाही. भाजी आपण तिच्याकडे नेतो. कोयतीचं नेमकं उलटं. झावळी, केळीचा घड, वाळकं लाकूड जिथे असेल तिथे तिला जावं लागतं. म्हणून तिची जागा कमरेला. कमरेला दोरी, दोरीला पाठीमागे लाकडाची आकडी, आकडीत कोयती अडकवलेली. दोन्ही हात मोकळे. कोकणातल्या कष्टकरी बायका कोयती घेऊन रानात लाकडांना जातातच की! 'बाईमाणसाच्या हाती कोयती?' हा प्रश्न पडतो तो आमच्यासारख्या घरांत.

आमचं गाव श्रीवर्धनकडचं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ त्याच किनाऱ्यावर आदळलं. टाळेबंदीमुळे आम्ही मार्चपासून गावीच होतो. सासूबाई, हे आणि मी. संध्याकाळी दार उघडून बघतो तर वाडी नव्हतीच हो! पोफळी एकमेकींवर आडव्या, माड कुंपणावर, विहिरीची वाट पार बुजलेली. वीज गेली ती गेलीच, म्हणजे पंपही बंद. गडी कुठून मिळणार? ज्याच्या त्याच्या घरावरची कौलं उडालेली. आणि ह्यांचा उजवा खांदा आदल्या वर्षीच्या ऑपरेशनपासून वर उचलत नव्हता. घरात पाणी होतं दोन हंडे.

सासूबाईंनी मामंजींची कोयती आकडीसकट खुंटीवरून काढली आणि माझ्यापुढे धरली. "हातात घेऊन चालू नकोस. पाय घसरला तर आधी तीच लागेल. मागे अडकव." बस्स, एवढंच. मी पदर खोचला, वर दोरी बांधली. हे ओटीवरून ओरडून सांगत होते. त्यांना स्वतःला काही करता येत नव्हतं, म्हणून आवाज जरा जास्तच चढला होता. मीही तो तेवढ्यापुरता ऐकून घेतला.

त्यांचं सांगणं मात्र मोलाचं होतं. घाव सरळ आडवा घालायचा नाही, तिरका घालायचा, म्हणजे पातं शिरतं. घाव चुकला तर कोयती कुठे जाईल ते आधी बघायचं, आणि तिथे आपला पाय नको. दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीच नको. आणि दबून वाकलेल्या फांदीवर एकदम घाव घालायचा नाही, सुटली की ती तोंडावर उसळते. कोयतीचं वाकडं टोक उगीच नसतं. फांदी ओढून घ्यायला त्याचा उपयोग होतो आणि धार दगडावर आपटण्यापासून थोडी वाचते. खोडं कापणं हे काही तिचं काम नव्हे. ती पुढे करवतवाल्यांनी कापली. झावळ्या, फांद्या, वेली मी तोडल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी विहिरीपर्यंत वाट झाली आणि रहाटाने पाणी काढलं. हाताला फोड आले होते, पण सासूबाईंनी त्या पाण्याने आधी चहा टाकला.

मामंजींची कोयती मला जड पडायची. म्हणून पुढे गावच्या लोहाराकडून माझी स्वतःची करून घेतली. त्याने ट्रकचा जुना पाटा घेतला. ते पोलाद चिवट असतं. भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकून आकार दिला आणि पाणी दिलं ते फक्त धारेकडच्या बाजूला. "सगळंच कडक केलं तर मोडेल, वहिनी. पाठ मऊच हवी." मुठीला शेंबी बसवण्याआधी त्याने माझ्या पंजाचा अंदाज घेतला. अशी तयार वस्तू दुकानात कुठली मिळायला!

कुणी 'हत्यार' म्हणून नाक मुरडलं, तर ऐकून ठेवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ घरकामासाठी वा शेतीसाठी घडवलेली वस्तू शस्त्र धरलेली नाही. तरी एसटीतून नेताना मी ती गोणपाटात नीट गुंडाळूनच नेते. दिसेल तशी नेऊन लोकांना घाबरवायचं कशाला?

निगा फार नाही. फणस कापण्याआधी पात्याला खोबरेल चोळा, चीक चिकटत नाही. तरीही राहिलाच, तर पुन्हा तेलानेच पुसा. पाण्याने तो निघत नाही. काम झालं की कोरडी करा. मूठ पाण्यात भिजत ठेवू नका, लाकूड फुगतं, मग सुकलं की मूठ खिळखिळी होते. धार ओल्या दगडावर लावा, तीही थोडी थोडी, पण वरचेवर. बोथट कोयतीला जोर जास्त लागतो आणि घसरते तीच. पावसाळ्यात आठवड्याला तेलाचा हात हवाच, नाहीतर गंज धरलाच म्हणून समजा. खंडेनवमीला आमच्याकडे आता दोन कोयत्यांना हळदकुंकू लागतं, विळीच्या शेजारी.

२०२१ च्या पावसात लावलेल्या पोफळींना फळ धरायला वर्षं लागतात. तोवर त्यांच्याभोवतीचं रान मी सवडीने साफ करते. हे ओटीवरून अजून ओरडतात, "डावीकडची राहिली!"