सड्यावरचा वर्ग

महाराष्ट्राला दूरस्थ शिक्षण नवे नव्हते. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ते देत आहे आणि केंद्र शासनाचे 'स्वयम्' हे अभ्यासक्रमांचे संकेतस्थळही २०१७ पासून उपलब्ध होते. कोविडकाळात विद्यापीठांनी जे स्वीकारले ते मात्र या परंपरेतले नव्हते, तर नेहमीचे वेळापत्रक जसेच्या तसे पडद्यावर उचलून ठेवणे होते. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी जोडलेले असतात त्या अध्यापनाला समकालिक, आणि आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेला पाठ विद्यार्थी सवडीने पाहतो त्याला असमकालिक म्हणतात. प्रस्तुत लेखिकेने वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाची पहिली दोन सत्रे सिंधुदुर्गातील आपल्या गावी राहून दोन्ही पद्धतींनी पूर्ण केली, आणि तिच्या अनुभवानुसार हानी जवळजवळ सगळी पहिलीत होती, लाभ दुसरीत.

गावात रेंज नव्हती; ती मिळे सड्यावर, म्हणजे गावामागच्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आणि मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने विजेचे खांब आडवे केल्यावर तर मोबाईल चार्ज करणे हेच दिवसाचे मुख्य काम झाले. सकाळी साडेदहाच्या तासाला छत्रीखाली बसून हजेरी लागे, पण आवाज तुटत असल्याने हजेरीपलीकडे फारसे काही पदरी पडत नसे. याउलट एका शिक्षकांनी मुद्रित करून पाठवलेले पाठ रात्री उतरवून घेऊन, थांबवून, मागे नेऊन तीन-तीनदा ऐकता येत; इंग्रजीतून शिकण्याची धास्ती असलेल्या विद्यार्थिनीला ही सोय वर्गात कधीच लाभली नसती. शहरातले खोलीभाडे आणि खाणावळीचा खर्च वाचला, हेही नोंदवले पाहिजे.

प्रात्यक्षिकांना मात्र पर्याय निघाला नाही. खोडाचा पातळ छेद पात्याने घेणे, तो सॅफ्रॅनिन या तांबड्या रंजकद्रव्याने रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊती ओळखणे हे हाताला लागणारे वळण असून ते पीडीएफमधील छायाचित्रांवरून लागत नाही. गंमत अशी की त्याच पावसाळ्यात सड्यावर सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती पायाशी निळीजांभळी फुलली होती आणि पडद्यावर तिच्याच कुळाचे चित्र उमटता उमटता अडकून पडले होते. ती उपटून न्याहाळावी असे कोणी सुचवले नाही, आणि हजेरी तुटेल या भीतीने लेखिकेलाही ते सुचले नाही. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची झाली आणि गुण उत्तम मिळाले.

राज्यातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागली. तिसऱ्या सत्रात लेखिकेने घेतलेला पहिला छेद इतका जाड आला की सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या डागाशिवाय काहीही दिसले नाही.