हायड्रोजन कुठे बसतो?

कौंडण्यपुरात वर्धेच्या काठी कपाशीला अमोनियम सल्फेट देणाऱ्या शेतकऱ्याच्या मुठीत माझा विषय असतो. अमोनियावर आम्लातला एक प्रोटॉन चढला की अमोनियम होतो. त्याचे हायड्रोजन शेजारच्या सल्फेटच्या ऑक्सिजनकडे ओढले जातात. हाच हायड्रोजन बंध. मी अभ्यासतो ते क्षारही याच कुळातले आहेत; फक्त तिथे अमोनियाच्या जागी नायट्रोजन असलेले मोठे वलय येते.

अशा वलयांतले सर्वांत परिचित म्हणजे १९३७ साली पहिल्यांदा तयार झालेले सायक्लॅम: दहा कार्बन आणि चार नायट्रोजन. पहिले दोन प्रोटॉन ते सहज घेते. हे प्रोटॉन समोरासमोरच्या नायट्रोजनांवर बसतात, त्यांचे हायड्रोजन आत वळून उरलेल्या दोन नायट्रोजनांशी बंध जोडतात आणि वलय आतून बांधले जाते. तिसरा आणि चौथा प्रोटॉन चढवायला मात्र तीव्र आम्ल लागते, कारण धनभार एकमेकांना दूर ढकलतात. चारही चढले की पिशवी उलटी करावी तसे वलय उलटते. नायट्रोजन कोपऱ्यांवर जातात, हायड्रोजन बाहेर वळतात आणि क्लोराइड व पाण्याशी जोडले जाऊन जाळे विणतात. रेणू तोच, पण स्फटिक पूर्णपणे वेगळा.

धन आणि ऋण भारांचे आकर्षण सर्व दिशांना सारखेच असते. स्फटिकातल्या रचनेला दिशा देतो तो हायड्रोजन बंध. एकेकटा तो दुबळा असला, तरी असंख्य बंध मिळून रचना ठरवतात. त्यांचा परिणाम ऋणभारित सोबत्यावरही होतो. गोवा विद्यापीठात बी. आर. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी अमाईनांचे टेट्राथायोटंगस्टेट क्षार तपासले. त्यांत टंगस्टनभोवती चार गंधक असतात. ज्या गंधकावर हायड्रोजन बंधांची ओढ जास्त, त्याचे टंगस्टनपासूनचे अंतर किंचित वाढलेले आढळते.

हायड्रोजन नेमका कुठे आहे, हे शोधणे कठीण. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि हायड्रोजनजवळ इलेक्ट्रॉन एकच असतो. न्यूट्रॉन थेट अणुकेंद्रकावरून विखुरतात, म्हणून ते अधिक भरवशाचे. तुर्भ्याची सायरस अणुभट्टी १९६० मध्ये सुरू झाली. तिथल्या न्यूट्रॉनांच्या साहाय्याने राजगोपाल चिदंबरम आणि सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांच्या स्फटिकांतले हायड्रोजन शोधले. अमिनो आम्लांच्या स्फटिकातही नायट्रोजनवर जादा प्रोटॉन असतो, म्हणून ते काम आमच्या विषयाचा पाया आहे. हायड्रोजन बंध सरळ रेषेतच असतो असे नाही, तो वाकतोही, हे चिदंबरम यांनी १९६१ मध्येच बर्फाच्या संदर्भात मांडले होते.

या ज्ञानाचा संबंध औषधांशी आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी हायड्रोक्लोराइड क्षाराचीच असते. औषध पाण्यात किती विरघळेल, दमट हवेत किती टिकेल, हे बरेचसे क्षाराच्या स्फटिकरचनेवर अवलंबून असते. दोन सायक्लॅम वलये जोडून बनलेले प्लेरिक्साफॉर २००८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते अस्थिमज्जेतल्या मूळपेशींना रक्तात आणते.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. मोजमापाची यंत्रे मोठ्या शहरांत असतील, पण स्फटिक वाढवायला चंचुपात्र, गाळणकागद आणि सावकाश होणारे बाष्पीभवन पुरते. विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातली आकृती गिरवायला लावण्याआधी एक क्षार स्वतः स्फटिकरूपात वाढवू द्या.