सातारा ते सतार

एक्सेल शीट असेल तर लो-फाय, डेडलाइन डोक्यावर असेल तर रहमान, आणि शुक्रवारी चारनंतर थेट अजय-अतुल. कानात काहीतरी वाजत असल्याशिवाय आपले हात की-बोर्डवर चालत नाहीत. पण ही सवय आपल्या पिढीची, असं वाटत असेल तर एक वीकेंड काढा आणि पुणे-बंगळूर हायवे पकडा.

पहिला स्टॉप सातारा. कंदी पेढे घ्याच, पण हायवे सोडून जरा आतल्या गावात शिरा. या पट्ट्यात एकेकाळी प्रत्येक कामाला आपलं गाणं होतं. मोटेवर मोटेची गाणी, पीक कापताना भलरी, आणि पहाटे जात्यावर ओवी. जात्याच्या फेऱ्याला ओवीची लय बांधलेली. सासूची कागाळी, भावाची वाट, विठोबाशी भांडण, सगळं त्यातच. ही गाणी ऐकायची नव्हती, कामासोबत रचायची होती. गी पॉयत्वँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रभरच्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या, मोटेच्या जागी पंप आले, आणि काम गेलं तसं त्याचं गाणंही गेलं.

कामावर तयार गाणी ऐकवायची आयडिया कारखान्यांची. ब्रिटनमध्ये १९४० साली, ऐन महायुद्धात, बीबीसीने कामगारांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ नावाचा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. तो १९६७पर्यंत चालला. त्यात एका लोकप्रिय गाण्याला बंदी होती, कारण त्यात मध्येच टाळ्या वाजवाव्या लागत आणि कामगार हातातलं सोडून टाळ्या देत बसत! आपल्या ‘फोकस’ प्लेलिस्टचे हे आजोबा.

कराड ओलांडून पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलं की हळद, भडंग आणि नाटकांचा मुलूख लागतो. आशा भोसले यांचा जन्म इथलाच, १९३३चा. पण थांबू नका, दहाएक किलोमीटर पुढे मिरजेला चला. शनिवार पेठेत सतारमेकरांची दुकानं आहेत. ‘सतारमेकर’ हे इथे चक्क आडनाव आहे. मूळचे हे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. संस्थानी काळात हत्यारांचा धंदा बसला आणि १८५०च्या आसपास फरीदसाहेबांनी सतारी-तानपुरे बनवायला घेतले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, लाकूड तुणीचं. कोरीव काम, पॉलिश, सगळं बघण्यासारखं. ही कामं चालू असताना रेडिओ लावला तरी काही बिघडत नाही.

पण जवारी लावताना मात्र तो बंदच करावा लागतो. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा किंचित उतरता असतो. तार त्यावर हलकेच घासली की आवाजाला ती गुंजणारी झालर येते. हा उतार केसाएवढा चुकला तरी तार मुकी होते किंवा नुसती झणझणते. मग कानस मारायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायची. तार उतरवून पुन्हा कानस. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवत नेमकी जागा शोधायची. फूटपट्टी इथे उपयोगाची नाही, मोजमाप कानाचं. आपण ऐकत ऐकत काम करतो, इथे ऐकणं हेच काम.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, आणि वाद्यं दुरुस्त करण्यात ते स्वतःही तरबेज होते. १९३७ साली प्रवासात ते गेले. त्यांची कबर मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ आहे. दरवर्षी उरुसात त्यांच्या आठवणीत गायक-वादक दर्ग्यात हजेरी लावतात. गाणं ‘समजत नाही’ म्हणणाऱ्यांनी तर आवर्जून जावं, तिथे कुणी परीक्षा घेत नाही.

आता थोडं न आवडणारं. तानपुऱ्याचं अ‍ॅप फुकट मिळतं, लोकलमध्येही नेता येतं. रियाझ करणाऱ्यांना दोष कसा द्यायचा? वन-बीएचकेत माणसाएवढा तानपुरा ठेवणार कुठे? गंमत अशी, की यातल्या बऱ्याच अ‍ॅप्समध्ये खऱ्या तानपुऱ्याचंच रेकॉर्डिंग वाजत असतं. जवारी लावणारेच उरले नाहीत, तर उद्याचं अ‍ॅप रेकॉर्ड काय करणार? २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, नाव सुरक्षित झालं, ते उत्तमच. पण कान तयार व्हायला दुकानात वर्षानुवर्षं बसावं लागतं, आणि घरातली बरीच मुलं आता दुसऱ्या नोकऱ्या धरतायत. त्यांनाही पगार हवाच ना.

जाणार असाल तर आधी विचारून जा, सकाळी जा. आत कुणी घोडीवर कान लावून बसलेलं दिसलं तर फोन सायलेंटवर टाका आणि दारातच थांबा. भाव नंतर विचारा.