भाषेच्या मृत्यूची तारीख

माझ्या नोकरीतली बरीच वर्षे जन्ममृत्यूच्या नोंदींत गेली. मृत्यूची नोंद करताना नाव, वय, ठिकाण, तारीख, कारण असे सगळे रकाने भरून घ्यावे लागतात. मयत माणूस कुठली भाषा बोलत होता, हा रकाना मात्र नसतो. तशी गरजही नसते म्हणा! एक माणूस गेला तरी त्याची भाषा मागे राहणारच, हे आपण धरून चालतो. पण जगात अशीही काही माणसे होऊन गेली, की त्यांच्या दाखल्यावर त्यांच्या नावाखाली एका भाषेचे नाव लिहायला हवे होते. अशा माणसांविषयी जिथे जे मिळेल ते वाचायचा मला गेली काही वर्षे नाद लागला आहे. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. भाषेच्या मृत्यूची म्हणून जी तारीख सांगितली जाते, ती बहुधा खरी नसते. भाषा त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते.

क्रोएशियाच्या किनाऱ्याजवळ क्रक नावाचे बेट आहे. लॅटिनच्या पोटातून जशा इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज निघाल्या, तशीच डाल्मेशियन नावाची एक भाषा त्या किनाऱ्यावर बोलली जात असे. एका बाजूने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची बोली आणि दुसऱ्या बाजूने शेजारपाजारची क्रोएशियन, यांच्यामध्ये ती हळूहळू चेपली गेली. ती बोलणारा शेवटचा माणूस तुओने उदाइना. १० जून १८९८ रोजी रस्त्याच्या कामावर झालेल्या स्फोटात तो गेला. सगळीकडे डाल्मेशियनच्या मृत्यूची तारीख हीच दिलेली असते.

त्याच्या आदल्या वर्षी मातेओ बार्तोली नावाचा तरुण अभ्यासक त्याला शोधत तिथे पोहोचला होता. आज या भाषेविषयी जे काही ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे बार्तोलीने या एका म्हाताऱ्याकडून लिहून घेतलेले. आणि हा साक्षीदार कसा? कानाने बहिरा, तोंडात दात नाहीत, आणि ती भाषा वापरून वीसेक वर्षे झालेली! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ती भाषा त्याला आईबापांनी शिकवलीच नव्हती. थोडी आजीकडून ऐकली, आणि बाकीची चोरून. मुलांना कळू नये असे काही बोलायचे असले की आईबाप आपसात ती वापरत. हा कान देऊन ऐकत बसे. आता सांगा, ही भाषा १८९८ साली स्फोटात मेली, की ज्या दिवशी एका आईने ठरवले की मुलांशी ही बोलायची नाही, त्या दिवशी?

दुसरा माणूस मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो आमच्याच जातकुळीतला, म्हणजे सरकारी नोकर. तेव्फिक एसेंच त्याचे नाव. त्याची भाषा उबिख. हे लोक मूळचे काळ्या समुद्राच्या काठचे, आज जिथे सोची शहर आहे त्या बाजूचे. १८६४ साली रशियाने तो मुलूख जिंकला आणि हा सबंध समाज मुळासकट उपटला जाऊन ओटोमन साम्राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात येऊन पडला. तिथे गावे विखुरली, आजूबाजूला तुर्की आणि इतर कॉकेशियन भाषा. एसेंच उबिख शिकला तो आजीआजोबांकडे वाढल्यामुळे. पुढे तो आपल्या गावाचा मुखिया झाला आणि नंतर इस्तंबूलला सरकारी नोकरीत लागला.

उबिख भाषेत ८४ व्यंजने होती. आपण क पासून ज्ञ पर्यंत मोजत गेलो तर छत्तीसवर थांबतो. आणि एवढ्या व्यंजनांना स्वर किती, तर अवघे दोन! भाषाशास्त्रज्ञांना तिचे वेड लागावे यात नवल नाही. जॉर्ज द्युमेझिल हे फ्रान्सचे मोठे विद्वान वर्षानुवर्षे एसेंचबरोबर बसून ती भाषा नोंदवत होते. एसेंचची स्मरणशक्ती दांडगी होती आणि आपण काय सांगून ठेवतो आहोत याची त्याला पुरती जाणीव होती. पण त्याच्या तिन्ही मुलांना उबिख बोलता येत नव्हती. परक्या देशातला प्राध्यापक ज्या भाषेसाठी समुद्र ओलांडून येतो, त्या भाषेत पोटचा मुलगा बापाला उत्तर देऊ शकत नाही. एसेंच ७ ऑक्टोबर १९९२ रोजी वारला. आपण या भाषेचे शेवटचे बोलणारे होतो एवढे आपल्या थडग्यावर लिहावे, अशी त्याची इच्छा होती म्हणतात.

सगळ्याच भाषा अशा घरातल्या घरात विझत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काहींची सरळ माणसेच संपतात. त्याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्या अंदमानात १८५८ साली इंग्रजांनी कैद्यांची वसाहत वसवली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोक पाच हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. चकमकी झाल्या, आणि त्याहून जास्त बळी बाहेरून आलेल्या रोगांनी घेतले. त्यांच्यातल्या बो या जमातीची भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सीनियर, २६ जानेवारी २०१० रोजी गेल्या. त्या दिवशी आपण सगळे झेंडावंदनाला उभे होतो. तेव्हा ग्रेट अंदमानी लोक उरले होते पन्नासच्या आसपास. प्राध्यापिका अन्विता अब्बी यांनी या बाईंकडून गाणी, शब्द, गोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. इतरांशी बोलता यावे म्हणून बोआ अंदमानची हिंदी शिकल्या होत्या. पण स्वतःच्या भाषेत बोलायला माणूस उरला नव्हता, म्हणून त्या पाखरांशी बोलत, असे अब्बींनी लिहिले आहे. इथे आईबापांनी काय ठरवले हा प्रश्नच येत नाही. ठरवायला कुणाला सवडच मिळाली नाही.

अलास्कातल्या मेरी स्मिथ जोन्स यांची गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे. त्यांची भाषा ईयाक. आधी परक्यांनी आणलेल्या रोगांनी समाज लहान केला, मग मासळी डबाबंद करणारे कारखाने आले, आणि मग इंग्रजी शाळा आली. मेरीबाई स्वतः बाराव्या वर्षापासून अशा कारखान्यात राबल्या. त्यांना नऊ मुले झाली. एकालाही ईयाक येत नव्हती, कारण त्या काळी तिथे इंग्रजीखेरीज दुसरे काही बोलणे हा गुन्हाच समजला जाई. आपल्या मुलाने शाळेत मार खावा असे कुठल्या आईला वाटेल? १९९० नंतरच्या दशकात त्यांची बहीण वारली आणि मेरीबाईंना बोलायला कुणी उरले नाही. त्या स्वतः २१ जानेवारी २००८ रोजी गेल्या. माझ्या हिशेबी ईयाक बहिणीबरोबरच गेली होती. बोलायला दोन माणसे लागतात. एकट्याकडे उरते ती फक्त आठवण.

आता आपल्याकडे वळू. आम्हां गोमंतकीयांना भाषेवरची बंदी नवीन नाही. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावे. तीन वर्षे! फर्मान काढणारा गेला, त्याची सत्ता १९६१ साली गेली, आणि कोंकणी १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली. त्या वेळच्या वादात मला इथे शिरायचे नाही. आमच्यासारख्या कित्येक घरांत बोलण्यात कोंकणी आणि पोथीत, नाटकात, पत्रात मराठी अशी वाटणी पिढ्यान् पिढ्या सुखाने चालत आली. सांगायचे एवढेच, की फर्मान स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. चुलीपाशी जी भाषा चालते तिला व्हाइसरॉय काही करू शकत नाही.

याची उलट बाजू मी कचेरीत पाहतो. पोर्तुगीज इथे ४५१ वर्षे राज्यकर्त्यांची भाषा होती. आमच्या कपाटांत त्या भाषेतल्या नोंदवह्या पडून आहेत, वळणदार अक्षरातल्या, वाळवीने कडेने खाल्लेल्या. आजोबांचा जन्मदाखला शोधत माणसे येतात आणि ते पान वाचून दाखवणारा कोण आहे का म्हणून टेबलाटेबलाशी विचारत फिरतात. गोव्यात आज पोर्तुगीज बोलणारी घरे अगदी थोडी. आणि गंमत अशी, की महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई नावाचे गाव आहे, तिथून पोर्तुगीज सत्ता १७४० साली उठली. तरीही तिथले काही शे ख्रिस्ती लोक पोर्तुगीजपासून झालेली आपली बोली आजही घरात बोलतात. तिला ते ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. त्यांच्यामागे ना सरकार, ना शाळा, ना शिक्का. चहूकडे मराठी. त्या गावाने पोरांना ती दिली, एवढेच.

म्हणून मला फर्मानांची भीती वाटत नाही. भीती वाटते ती शहाण्यासुरत्या, प्रेमळ आईबापांची. त्यांत आम्हीही आलो. आमच्या मुलीला आम्ही दोघांनी विचार करून इंग्रजी शाळेत घातले, आणि आज पुन्हा ठरवायची वेळ आली तर तेच करू. ती आता बंगळूरला नोकरीला आहे. रविवारी फोनवर आजी विचारते, “जेवलें गो?” पलीकडून उत्तर येते, “येस आजी, जस्ट नाऊ.” आजीला तेवढे इंग्रजी कळते, नातीला सगळी कोंकणी कळते. दोघींचे एकमेकींवाचून चालत नाही. कुठे काही बिघडले आहे असे दोघींनाही वाटत नाही. पण मी उदाइनाविषयी वाचले असल्यामुळे माझ्या पोटात कालवते. कळणे आणि बोलणे यांत एका पिढीचे अंतर असते. ज्याला फक्त कळते, त्याच्या मुलाला कळतही नाही.

शब्द तर आधीच गळू लागले आहेत. माझ्या आईचे माहेर खाजनाच्या काठचे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, त्या बांधात मानस, म्हणजे पाण्याच्या लोटाने आपोआप उघडमीट होणारी दारे, आणि त्या खाऱ्या मातीत तग धरणारे कोरगूट भात. ही सगळी व्यवस्था आई दोन वाक्यांत सांगते. मुलीला सांगायला बसलो तर मला अर्धा तास लागतो, कारण प्रत्येक शब्दाला थांबावे लागते. भाषा मोठ्या संख्येने बोलली जात असली तरी ती आतून अशी रिकामी होत जाते.

मग उपाय काय? दोन गोष्टी वाचून धीर येतो. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या आयल ऑफ मॅन बेटाची मँक्स भाषा. तिथला कोळी नेड मॅड्रेल २७ डिसेंबर १९७४ रोजी वारला आणि मँक्स संपली असे म्हटले गेले. पण काही तरुण मंडळी त्याच्या हयातीतच त्याच्याकडून ती शिकली होती. त्यांच्यातून शिक्षक झाले, पुढे मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. २००९ साली युनेस्कोने तिची नोंद मृत भाषांत केली, तेव्हा त्या शाळेच्या मुलांनी मँक्स भाषेतच पत्रे लिहून विचारले, की मग आम्ही हे कुठल्या भाषेत लिहितो आहोत? युनेस्कोला नोंद बदलावी लागली.

दुसरी अमेरिकेतल्या वाम्पानोआग लोकांची. त्यांची भाषा शंभर वर्षांहून अधिक काळ कुणी बोलत नव्हते. जेसी लिटल डो बेअर्ड या बाईंनी १९९३ च्या सुमारास ती परत आणायचे काम हाती घेतले, त्यासाठी भाषाशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. आधार काय होता? त्या भाषेत १६६३ साली छापलेले बायबल, आणि जुनी खरेदीखते, मृत्युपत्रे, अर्ज. कुणा कारकुनाने बसून लिहिलेले कागद! हे वाचले त्या रात्री मला आपल्या नोकरीचा फार अभिमान वाटला. बेअर्डबाई तिथे थांबल्या नाहीत. त्या आपल्या मुलीशी जन्मापासून त्याच भाषेत बोलल्या, आणि कित्येक पिढ्यांनी एक मूल ती मातृभाषा म्हणून बोलू लागले.

कागदाने भाषा टिकते, जगत मात्र नाही. तिला उत्तर देणारे माणूस हवे. इंग्रजी शाळा, बंगळूरची नोकरी, हे सगळे राहो. त्याने भाषा मरत नाही. आपल्या पूर्वजांनी पोथीची एक आणि घरची एक अशा दोन भाषा शतकानुशतके सांभाळल्या, नातवंडांना तिसरी जड नाही. फक्त घरात कुणी ज्या भाषेत विचारले, त्याच भाषेत उत्तर द्यायचे, मग ते मोडके असो, चुकीचे असो, हसू येणारे असो. हा नियम मी आमच्या घरात घातला आहे आणि तो आठवड्यातून चार वेळा मोडतो. तरी मी सोडलेला नाही.

तुम्हीही एक करा. या रविवारी घरातली जुनी माणसे कुठल्या भाषेत विचारतात आणि लहान माणसे कुठल्या भाषेत उत्तर देतात, ते नुसते कान देऊन ऐका. बाकीचे मग आपोआप सुचेल.